घरच्या एनर्जी बारचं गणित: सुरी लावली तरी न फुटणारी वडी

पहिल्यांदा एनर्जी बार करणाऱ्याची गत बहुधा सारखीच होते. साहित्य उत्तम, ओट्स खमंग भाजलेले, चव छान, आणि सुरी लावली की वडीचा चुरा. माझ्या पहिल्या तीन खेपा मी वाटीत दूध घालून चमच्यानं खाल्ल्या. प्रत्येक वेळी वाटायचं कृती चुकली, म्हणून नवी कृती शोधायची आणि नव्यानं चुरा करायचा. चौथ्या खेपेला कृती बाजूला ठेवली आणि वजनकाटा घेऊन बसले, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला.

बार म्हणजे कोरड्याचा आणि चिकटाचा संसार. कोरडं किती, चिकट किती आणि दोन्ही किती जोरानं दाबून बसवलं, या तीन गोष्टी जमल्या की घरात जे असेल त्याचा बार होतो. त्यामुळे खाली दोन कृती दिल्या असल्या तरी त्या पाठ करू नका. त्यांच्यातलं प्रमाण तेवढं लक्षात ठेवा.

बार कधी खायचा, हे आधी ठरवा

हा पदार्थ मुळात धावणाऱ्यांसाठी जन्मला. कॅनडाचे मॅरेथॉनपटू ब्रायन मॅक्सवेल १९८० च्या दशकात एका शर्यतीच्या शेवटच्या टप्प्यात ताकद संपून पार गळून गेले. पोटाला जड न होणारं आणि खिशात मावणारं काहीतरी हवं, म्हणून त्यांनी जेनिफर बिडल्फ यांच्यासोबत घरच्या स्वयंपाकघरात प्रयोग सुरू केले. त्यातून १९८६ मध्ये पॉवरबार हा त्यांचा तयार एनर्जी बार बाजारात आला. म्हणजे गरज अगदी नेमकी होती. शरीर स्नायूंमध्ये आणि यकृतात ग्लायकोजेनच्या रूपात कर्बोदकं साठवतं. हा साठा साधारण ५०० ग्रॅमचा असतो आणि दीड-दोन तासांच्या जोरकस श्रमानंतर तो तळाला जायला लागतो. म्हणून लांब पल्ल्याच्या व्यायामात तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं घ्यावीत असं सांगितलं जातं.

आता तोच बार दुपारी चार वाजता खुर्चीत बसून खाल्ला, तर तो दोन जेवणांच्या मधला सुमारे २०० कॅलरींचा खाऊ झाला. त्यात वाईट काही नाही, फक्त तो खाऊ आहे हे माहीत असावं. ‘एनर्जी’ या शब्दाचा अर्थ इथे कॅलरी एवढाच आहे. तरतरी वगैरे जाहिरातीची भाषा झाली.

यावरून दोन वाटा फुटतात. धावायला, सायकलिंगला किंवा डोंगर चढायला जाताना न्यायचा असेल, तर खजूर, मध, ओट्स जास्त घ्या आणि सुकामेवा बेतानं. कारण स्निग्ध पदार्थ आणि तंतू (फायबर) जठरातून पुढे सरकायला वेळ घेतात आणि धावताना पोटात गोळा बसतो. मधल्या वेळच्या भुकेसाठी असेल तर याच्या उलट करा. बदाम, बिया वाढवा, गोड कमी करा, म्हणजे पोट जास्त वेळ भरलेलं राहील.

‘आरोग्यदायी’ म्हणजे नक्की काय

घरी केलं म्हणजे आपोआप पौष्टिक झालं, या समजात मीही बरेच दिवस होते. एका खेपेत मी २०० ग्रॅम मध ओतला होता, वर ‘साखर अजिबात नाही’ असं अभिमानानं सांगितलंही होतं. १०० ग्रॅम मधात सुमारे ८० ग्रॅम साखर असते. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेल्या साखरेत मधही मोजते, आणि अशी साखर दिवसाच्या एकूण कॅलरींच्या १० टक्क्यांच्या आत ठेवावी असं सांगते. २००० कॅलरींचा आहार धरला तर ही मर्यादा ५० ग्रॅम होते. ५ टक्क्यांच्या आत राहिलं तर अधिक चांगलं, अशीही त्यांची शिफारस आहे. मध, गूळ, काकवी, ब्राउन शुगर यांच्या चवीत फरक आहे, पण शरीराच्या हिशेबात ती साखरच.

खजुराची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्यातही साखर भरपूर, १०० ग्रॅममध्ये ६५ ग्रॅमच्या आसपास. पण अख्खं फळ घातल्यामुळे सोबत सात-आठ ग्रॅम तंतू येतात. एवढ्यानं खजूर निर्दोष ठरत नाही. दातांना चिकटून राहायच्या बाबतीत तर तो मधाच्याही पुढे आहे, खाल्ल्यावर चूळ भराच.

दुसरा हिशेब स्निग्धाचा. कर्बोदकं आणि प्रथिनं ग्रॅमला ४ कॅलरी देतात, स्निग्ध पदार्थ ९ देतात. म्हणून १०० ग्रॅम ओट्समध्ये ३८० च्या आसपास कॅलरी असतात, तर तेवढ्याच बदामांत ५८०. बदाम घालू नका असं म्हणत नाही. त्यातलं स्निग्ध चांगल्या प्रकारचं असतं आणि १०० ग्रॅमला २१ ग्रॅम प्रथिनंही मिळतात. पण वडीचा आकार बोटभर ठेवायचा की तळहाताएवढा, हे याच आकड्यांवरून ठरतं. माझ्या मते ४५ ते ५० ग्रॅमची वडी पुरे. त्याहून मोठी केली की एक खाऊन थांबणं अवघड आणि अर्धी ठेवून देणं त्याहून अवघड.

साहित्य, म्हणजे कुणाचं काम काय

*कोरडा भाग.* याचा कणा म्हणजे ओट्स. जाड चपटे, म्हणजे रोल्ड ओट्स घ्या. झटपट शिजणारे बारीक ओट्स चिकटाचा ओलावा लगेच पितात आणि वडी पिठूळ लागते. स्टील कट ओट्स, म्हणजे न चेपता नुसते तुकडे केलेले दाणे, या कामाचे नाहीत, दाताखाली खडीसारखे येतात. थोडे कुरमुरे किंवा दुसरं फुललेलं धान्य घातलं तर वडी हलकी होते, पण ते वजनाला कमी आणि आकाराला मोठं असल्यामुळे बेतानं. निम्म्याहून अधिक ओट्स काढून कुरमुरे घातलेत तर चिकट पुरणार नाही.

ओट्स भाजायचेच. कच्च्या ओट्सचा बार खाताना पुठ्ठा चावल्यासारखं वाटतं. ओव्हनमध्ये १६० अंश सेल्सिअसला १०-१२ मिनिटं, मध्ये एकदा हलवून. किंवा जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर आठेक मिनिटं, सतत हलवत. रंग जेमतेम बदलतो, पण वास बदलला की कळतं. भाजून झाल्यावर ताटात पसरून गार करा, कढईतच ठेवलेत तर खालचे करपतात.

*सुकामेवा आणि बिया.* बदाम, अक्रोड, काजू, शेंगदाणे, भोपळ्याच्या बिया, सूर्यफुलाच्या बिया, तीळ, जे आवडेल ते. इथे दोनच गोष्टी सांगते. एक, तुकडे लहान हवेत, वाटाण्याच्या निम्मे. अख्खा बदाम राहिला की सुरी त्याला अडते आणि वडी तिथूनच फुटते. दुसरी, घालण्याआधी एक दाणा चावून बघा. अक्रोड आणि जवस लवकर खवट होतात, आणि एक मूठ खवट अक्रोड अख्ख्या घाण्याची वाट लावतो. जवस घालायचे तर भाजून पूड करून घाला. अख्खे दाणे न पचताच बाहेर पडतात.

*चिकट भाग.* सगळी गोम इथे आहे.

खजूर हा सर्वांत सोपा चिकटा. बोटांमध्ये दाबल्यावर सहज चेपला जाणारा मऊ खजूर हवा. कडक असेल तर गरम पाण्यात दहा मिनिटं भिजवा, मग नीट निथळून कापडानं टिपून घ्या. टिपायचा कंटाळा करू नका, आत राहिलेलं पाणी पुढे वडीला बुरशी आणतं.

मध आणि साखरेचा पाक यांचं तत्त्व एकच: पाणी जितकं उडवाल तितकी वडी कडक. साखरेचा पाक ११५ अंशांच्या आसपास असताना त्याचा थेंब गार पाण्यात टाकला तर बोटांनी चेपता येणारी मऊ गोळी होते. त्याची वडी चिवट-मऊ होते. १२५ च्या आसपास गोळी घट्ट होते आणि वडीही. १५० ला पोचलात तर थेंब काचेसारखा तडकतो, आणि मग तो बार राहत नाही, दातांची परीक्षा होते. थर्मामीटर नसेल तर पाण्याच्या वाटीवर भरवसा ठेवा. मधाला एवढं लागत नाही, मंद आचेवर बुडबुडे आल्यावर एक-दोन मिनिटं पुरतात. शिवाय मध हवेतला ओलावा धरून ठेवतो, म्हणून मधाची वडी बरेच दिवस मऊ राहते.

शेंगदाण्याचं किंवा बदामाचं बटर बरेच जण चिकट म्हणून धरतात आणि फसतात. ते वडीला मऊपणा आणि गुळगुळीत पोत देतं, पण डिंकाचं काम पुरतं करत नाही. नुसत्या शेंगदाणा बटरवर बांधलेली वडी फ्रीजमध्ये छान दिसते आणि हातात आल्यावर पसरते. खोबरेल तेलाचंही तसंच. ते २४ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणजे उन्हात नेलेल्या डब्यात वडी नाही, लापशी सापडेल.

*चवीचं.* मीठ. हे विसरू नका. पाऊण चमचाही लागत नाही, पण त्याच्याशिवाय गोड नुसतं सपाट लागतं. दालचिनी, व्हॅनिला, संत्र्याची किसलेली साल, कोको, थोडी सुंठ यांपैकी एखादं घाला. सगळं एकदम घातलं की कशाचीच चव कळत नाही.

लक्षात ठेवायचं प्रमाण

वजनानं मोजा, वाटीनं नको. एक वाटी ओट्स आणि एक वाटी चिरलेले बदाम यांच्या वजनात मोठा फरक असतो, आणि मधाचा तर चमच्यालाच बराचसा भाग चिकटून राहतो.

खजुरावर बांधलेल्या वडीत कोरडं आणि चिकट जवळपास निम्मं-निम्मं, चिकट थोडं जास्त. खजुरात स्वतःचा गर असतो, म्हणून तो जास्त लागतो. मधावर किंवा पाकावर बांधलेल्या, भाजलेल्या वडीत दोन भाग कोरडं आणि एक भाग चिकट. पहिल्या तीन खेपांत मी मधाच्या वडीत चार भाग कोरडं घालत होते. ‘पौष्टिक हवं’ म्हणून.

आकडे चुकले तरी मूठ चुकत नाही. मिश्रण मुठीत घट्ट दाबा आणि मूठ उघडा. गोळा तसाच राहिला आणि तळहात जेमतेम चिकट झाला, तर ठीक. गोळा उघडताच विस्कटला तर चिकट वाढवा, एका वेळी एकच मोठा चमचा. हाताला लगदा लागला तर ओट्स वाढवा. ही परीक्षा मिश्रण साच्यात घालायच्या आधी करायची. एकदा थापलेलं मोडून पुन्हा मळायचं म्हणजे दुप्पट काम.

पहिली कृती: न भाजता, खजुराची

नवख्यांनी इथूनच सुरुवात करावी. ओव्हन लागत नाही, तापमानाचा प्रश्न येत नाही.

बिया काढलेला मऊ खजूर २०० ग्रॅम, रोल्ड ओट्स १२० ग्रॅम, बदाम ६० ग्रॅम, भोपळ्याच्या बिया ४० ग्रॅम, साखर न घातलेलं शेंगदाणा बटर ६० ग्रॅम, दोन चिमटी मीठ, अर्धा चमचा दालचिनी पूड. साधारण २० बाय १० सेंटिमीटरचा ब्रेडचा टिन आणि बटर पेपर.

१. ओट्स, बदाम आणि बिया वेगवेगळे भाजा. एकत्र भाजू नका; बदामाला रंग येईपर्यंत बिया उडून करपायला लागतात. गार झाल्यावर बदाम बारीक चिरा.

२. टिनला बटर पेपर लावा, दोन्ही बाजूंनी चार बोटं बाहेर लोंबू द्या. पुढे हेच कान धरून वडी उचलायची आहे.

३. प्रत्येक खजूर उघडून आत बघा. ‘बिया काढलेला’ असं पाकिटावर लिहिलेलं असलं तरी दहा-पंधरांत एखादी बी सापडतेच, आणि ती मिक्सरच्या पात्याला सापडलेली बरी नाही. आतून काळी भुकटी दिसली तर तो खजूर टाकून द्या.

४. खजूर मिक्सरमध्ये थांबत-थांबत फिरवा. सलग फिरवला तर पात्याभोवती गोळा होतो आणि मोटार तापून वास यायला लागतो. फिरेनासा झाला तर एक मोठा चमचा गरम पाणी घाला, फार तर दोन. पेस्ट अगदी गुळगुळीत नको, अधूनमधून तुकडे राहिले तर उलट चांगलं.

५. खजुराची पेस्ट आणि शेंगदाणा बटर एका भांड्यात घेऊन मंद आचेवर दोनेक मिनिटं गरम करा. शिजवायचं नाही, नुसतं सैल करायचं. गरम चिकट कोरड्यात झटकन मिसळतं. गार असेल तर हात दुखतात आणि तरी कोरडे खिसे राहतात. शेंगदाणा बटरच्या बरणीत वर तेल आलं असेल तर आधी तळापासून ढवळून मगच मोजा.

६. आच बंद करून मीठ, दालचिनी आणि सगळं कोरडं घाला. आधी उलथन्यानं, मग कोमट झालं की हातानं मळा. हाताला थेंबभर तेल लावा. मुठीची परीक्षा घ्या.

७. आता थापायचं. मिश्रण टिनमध्ये पसरा, आधी चारही कोपरे भरा, मग मध्य. वर बटर पेपरचा तुकडा ठेवून सपाट बुडाच्या वाटीनं दाबा. किती? तुम्हाला पुरेसं वाटेल त्याच्या दुप्पट. अंगाचा भार टाका. आत हवेचे खिसे राहिले की वडी तिथेच फुटणार, आणि चुऱ्याच्या निम्म्या तक्रारी एवढ्या एका पायरीवर मिटतात. मिश्रण मूळच्या उंचीच्या निदान दोन-तृतीयांशावर आलं पाहिजे.

८. झाकून फ्रीजमध्ये दोन तास ठेवा. मग कागदाचे कान धरून बाहेर काढा, लांब धारदार सुरी सरळ खाली दाबून दहा पट्ट्या कापा. करवतीसारखी पुढे-मागे ओढू नका. दर दोन कापांनंतर सुरी ओल्या फडक्यानं पुसा.

यातून ४८ ग्रॅमच्या दहा वड्या होतात. प्रत्येकीत सुमारे १९५ कॅलरी, ६ ग्रॅम प्रथिनं, ४ ग्रॅम तंतू आणि १३-१४ ग्रॅम साखर, जवळजवळ सगळी खजुराची. सवा तीन चमचे साखर म्हणजे अगदीच कमी नव्हे, म्हणून आकडा मुद्दाम सांगितला.

दुसरी कृती: भाजलेली, मधाची

ही कुरकुरीत-चिवट असते आणि पिशवीत जास्त दिवस टिकते. रोल्ड ओट्स २०० ग्रॅम, मिश्र सुकामेवा ८० ग्रॅम, बिया ५० ग्रॅम, मनुका ६० ग्रॅम, मध १०० ग्रॅम, बदामाचं किंवा शेंगदाण्याचं बटर ८० ग्रॅम, तेल किंवा लोणी २० ग्रॅम, मीठ. कोरडं ३९० आणि चिकट २००, दोनास एक.

ओव्हन १६० अंशांवर तापत ठेवा. मध, नट बटर आणि तेल छोट्या पातेल्यात घेऊन मंद आचेवर बुडबुडे येईपर्यंत तापवा, मग एक मिनिट ढवळत राहा. कोरड्यावर ओता, प्रत्येक ओट्सला चकाकी येईपर्यंत कालवा. मनुका सर्वांत शेवटी घाला आणि थापताना वर आलेल्या आत दडपून टाका, कारण पृष्ठभागावरच्या मनुका फुगून करपतात आणि कडू लागतात. २० सेंटिमीटरच्या चौकोनी टिनमध्ये आधीसारखंच अंगाचा भार टाकून बसवा. २० ते २२ मिनिटं भाजा.

नवख्याची चूक इथे होते. कडा सोनेरी झाल्या तरी मधला भाग बोटाला मऊ लागतो, म्हणून आणखी दहा मिनिटं ठेवावंसं वाटतं. ठेवू नका. गरम मध मऊच असतो, गार होताना घट्ट होतो. बाहेर काढल्याबरोबर कागद ठेवून वाटीनं पुन्हा एकदा दाबा. मग दहा मिनिटांनी, वडी कोमट असताना, सुरीनं बारा वड्यांच्या रेघा पाडून ठेवा, पण वेगळ्या करू नका. पूर्ण गार झाल्यावर त्याच रेघांवर सुरी दाबा. गरम असताना कापली तर ढासळते, अगदी गार झाल्यावर कापायला घेतली तर वाकडीतिकडी तडकते. रेघा आधी पाडल्या की दोन्ही टळतं. प्रत्येक वडी सुमारे २२० कॅलरींची.

मध कमी करायचा असेल तर भाजलेल्या वडीत एका अंड्याचा पांढरा भाग, किंवा एक मोठा चमचा जवसाची पूड तीन मोठे चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवून, डिंकासारखी वापरता येते. न भाजलेल्या वडीत यांपैकी काहीही घालू नका. तिथे कच्चं अंडं नको, आणि ते पाणीही उडून जायला वाट नसते.

प्रथिनं वाढवायची असतील तर

प्रोटीन पावडर घालायचा मोह सगळ्यांना होतो. पहिल्या कृतीत ३० ग्रॅमपर्यंत घालता येते, तेवढेच ओट्स कमी करून. त्याहून जास्त घातली की वडी पहिल्या दिवशी छान आणि चौथ्या दिवशी विटेसारखी, कारण पावडर मिश्रणातला ओलावा हळूहळू ओढून घेते. मला विचाराल तर भोपळ्याच्या बिया वाढवा; १०० ग्रॅमला ३० ग्रॅम प्रथिनं आहेत आणि चव पावडरीपेक्षा कितीतरी बरी.

चॉकलेट हवं असेल तर तुकडे गार मिश्रणात घाला, गरमात घातले तर विरघळून सगळं तपकिरी होतं. वरून थर द्यायचा तर वडी घरातच खायची आहे असं समजा. चॉकलेटमधलं स्निग्ध, म्हणजे कोको बटर, शरीराच्या तापमानाच्या किंचित खालीच, ३४ अंशांच्या आसपास वितळतं. खिशात नेलेल्या वडीचं काय होईल ते वेगळं सांगायला नको.

बिघडलं तर

चुरा होतोय: बहुतेक वेळा दाब कमी पडलेला असतो, त्यानंतर चिकट. न भाजलेली वडी असेल तर चुरा पातेल्यात कोमट करा, एक-दोन चमचे मध किंवा खजुराची पेस्ट घाला आणि पुन्हा थापा. भाजलेली असेल तर ती ग्रॅनोला म्हणून बरणीत भरा आणि कुणाला काही सांगू नका.

दगड झाली: मध किंवा पाक जास्त तापला किंवा ओव्हनमध्ये जास्त राहिली. हवाबंद डब्यात ब्रेडच्या तुकड्यासोबत रात्रभर ठेवलीत तर ब्रेडचा ओलावा घेऊन थोडी मऊ होते.

तेल सुटलं: बदाम मिक्सरमध्ये फार फिरवले किंवा नट बटर मोजून घेतलं नाही. वर कागदी रुमाल दाबून टिपा, पुढच्या खेपेला बदाम सुरीनं चिरा.

कुणाला देऊ नये

एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नाही, भाजलेल्या वडीतलाही नाही. त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बाळाला बॉट्युलिझम, म्हणजे स्नायू लुळे पाडणारी गंभीर विषबाधा, होऊ शकतो आणि घरी शिजवून-भाजून ते बीजाणू मरत नाहीत. पाच वर्षांच्या आतल्या मुलांसाठी अख्खा किंवा जाडसर सुकामेवा घशात अडकायची भीती असते, त्यांच्यासाठी पूड करूनच घाला. शेंगदाणे, बदाम-अक्रोडांसारखा सुकामेवा, तीळ यांची ॲलर्जी जिवावर बेतू शकते, तेव्हा वडी बाहेर कुणाला देताना आत काय काय आहे ते सांगूनच द्या. ग्लूटेन चालत नसलेल्यांनी तसं स्पष्ट लिहिलेले ओट्स घ्यावेत, कारण साधे ओट्स शेतात आणि गिरणीत गव्हाच्या संगतीत असतात. मधुमेह असेल तर खजुराची वडीही मोजूनमापून, डॉक्टरांशी बोलून.

साठवण

बुरशी लागते ती पाण्यामुळे, म्हणून दोन्ही वड्यांचं आयुष्य वेगळं. खजुराची वडी गार हवेत बाहेर तीन-चार दिवस, फ्रीजमध्ये दोन आठवडे. भाजलेली मधाची वडी हवाबंद डब्यात बाहेर आठवडाभर सहज राहते, पण डबा बंद करण्याआधी ती पूर्ण गार झालेली हवी; कोमट बंद केलीत तर झाकणाला आतून घाम येतो आणि कुरकुरीतपणा एका रात्रीत जातो. बुरशीचा ठिपका दिसला तर तेवढाच भाग कापून उरलेली खाऊ नका, ती वडी फेका.

जास्त केल्या असतील तर प्रत्येक वडी वेगळी बटर पेपरमध्ये गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवा, दोन-तीन महिने चांगल्या राहतात. पाकिटावर तारीख आणि आतला सुकामेवा लिहून ठेवा. फ्रीझरमधली सगळी पाकिटं महिनाभरानंतर सारखीच दिसतात. सकाळी निघताना एक काढून पिशवीत टाकली की दुपारपर्यंत खाण्याजोगी मऊ होते.